डेटा कार्ड ‘कनेक्टेड’ म्हणतं, पण पान उघडत नाही: नेमकं कुठे अडतंय ते कसं शोधायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावातल्या सेवा केंद्रात विंडोज १० चा डेस्कटॉप आहे. त्याला हुआवेचं जुनं थ्रीजी डेटा कार्ड लावलंय आणि त्यात एअरटेलचं नवं सिम घातलंय. कार्डाचं सॉफ्टवेअर ‘कनेक्टेड’ म्हणतं, रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, कार्डावरचा हिरवा दिवा स्थिर आहे. पण सातबाऱ्याची साइट उघडतच नाही आणि गुगल कधी येतं, कधी नाही. तेच सिम मोबाईलमध्ये घातलं की नेट धावतं. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकून झालं, फरक नाही. आता दुकानदार विंडोज नव्याने टाकायला सांगतोय.

विंडोजला इतक्यात हात लावू नका. तुमच्या वर्णनातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे तो हिरवा दिवा, आणि तुम्ही तो ‘सगळं ठीक आहे’ या अर्थी सांगितलाय.

हुआवेच्या थ्रीजी कार्डांवर दिव्याचा रंग नेटवर्कची जात सांगतो. दर तीन सेकंदांनी दोनदा हिरवा लुकलुकतो तेव्हा कार्ड नुसतं चालू झालेलं असतं, टॉवरशी नोंदणी झालेली नसते. एकेकदा हिरवा लुकलुकला की टूजीवर नोंदणी झाली, एकेकदा निळा लुकलुकला की थ्रीजीवर. जोडणी झाली की दिवा स्थिर होतो: हिरवा म्हणजे टूजी, निळा म्हणजे थ्रीजी आणि फिकट आकाशी म्हणजे वेगवान थ्रीजी, एचएसपीए. तुमचा दिवा स्थिर हिरवा आहे. म्हणजे जोडणी खरंच झालेली आहे, पण टूजीवर. काड्याही टूजीच्याच आहेत.

असं का, तर एअरटेलने आपलं थ्रीजी २०२० मध्येच गुंडाळलं. त्या लहरी फोरजीला दिल्या आणि साध्या फोनसाठी टूजी तेवढं चालू ठेवलं. तुमच्या कार्डाला टूजी आणि थ्रीजी एवढंच कळतं. थ्रीजी सापडत नाही म्हणून ते टूजीवर जाऊन बसतं. मोबाईल फोरजीचा असल्यामुळे तेच सिम तिथे पळतं. सिमचा दोष नाही, विंडोजचा नाही, सॉफ्टवेअरचाही नाही.

टूजीवर, म्हणजे एज नेटवर्कवर, हातात पडणारा वेग साधारण शंभर ते दोनशे केबीपीएस, गर्दीच्या वेळी त्याहूनही कमी. शंभर केबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा किलोबाइट. दोन एमबीचं पान उतरायला पावणेतीन मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात सरकारी साइटचं सेशन संपून जातं. गुगलचं पान हलकं, म्हणून ते कधीतरी येतं.

ही शंका पक्की करायला पाच मिनिटं पुरतात. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे बहुधा हुआवेच्या मोबाईल पार्टनरमध्ये किंवा सिम कंपनीने आपल्या नावा-रंगात दिलेल्या त्याच्याच आवृत्तीत, टूल्स, मग ऑप्शन्स, मग नेटवर्क इथे जा. ‘डब्ल्यूसीडीएमए ओन्ली’, म्हणजे फक्त थ्रीजी, निवडा आणि ओके करा. एक-दोन मिनिटं थांबा. ‘नो सर्व्हिस’ आलं आणि दिवा परत दोन-दोनदा लुकलुकायला लागला, तर तुमच्या जागी या सिमला थ्रीजी नाही. प्रश्न मिटला, या कार्डावर या सिमचा वेग वाढणार नाही. नंतर सेटिंग पूर्ववत करायला विसरू नका, नाहीतर टूजीही जाईल.

आता कोणतं सिम, कोणतं गाव यावर बरंच अवलंबून आहे. जिओ २०१६ मध्ये सुरू झालं तेच फक्त फोरजीवर, त्यामुळे थ्रीजी कार्डात जिओचं सिम कधीच नेटवर्क पकडणार नाही, टूजीसुद्धा नाही. व्हीआयनेही, म्हणजे व्होडाफोन-आयडियाने, बहुतेक ठिकाणी थ्रीजी टप्प्याटप्प्याने आवरलंय. बीएसएनएलचं थ्रीजी काही भागांत तग धरून आहे, पण तेही फोरजीकडे निघालंय. त्यामुळे बीएसएनएलच्या सिमवर जुनं कार्ड आज चाललं तरी त्याच्या भरवशावर केंद्र चालवू नका. कपाटात टाटाची फोटॉन किंवा रिलायन्सची नेटकनेक्ट अशी जुनी कार्डं असतील तर त्यांचा विचारच सोडा. ती सीडीएमए या वेगळ्याच तंत्राची होती आणि ती सेवा भारतात उरलेली नाही.

तुमच्यापुरतं उत्तर बहुधा इथेच आहे. पण दिवा निळा निघाला, किंवा फोरजी कार्ड आणूनही हेच रडगाणं राहिलं, तर पुढचं लागेल. शिवाय हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला जातो, तेव्हा सगळंच मांडतो.

डेटा कार्डाची जोडणी चार ठिकाणी अडू शकते: संगणक आणि कार्ड यांच्यात, कार्ड आणि टॉवर यांच्यात, कंपनीच्या खात्यात, म्हणजे रिचार्ज आणि एपीएनमध्ये (कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटकडे जायच्या दाराचं नाव), आणि शेवटी संगणकाच्या स्वतःच्या नेटच्या सेटिंगमध्ये. लोक यातलं काय बिघडलंय हे न बघता थेट सॉफ्टवेअर काढून टाकायला लागतात. मी सॉफ्टवेअर पुन्हा टाकणं शेवटून दुसऱ्या पायरीवर ठेवतो, विंडोज टाकणं सगळ्यात शेवटी. कारण त्यात दोन तास जातात आणि बिघाड कुठे होता हे कधीच कळत नाही.

दोन अदलाबदली आधी करा. एक, कार्ड दुसऱ्या संगणकाला लावा. दोन, आणि ही जास्त महत्त्वाची, याच संगणकाला मोबाईलचं नेट यूएसबी केबलने द्या. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग असतं, त्यात यूएसबी टेदरिंग चालू करा. ते बटण फिकं दिसून दाबलं जात नसेल तर केबल बहुतेक वेळा फक्त चार्जिंगची असते, तिच्यात डेटाच्या तारा नसतात; केबल बदला. विंडोज १० ला वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. टेदरिंगवर सातबारा उघडला तर संगणक, ब्राउझर, तारीख-वेळ, प्रॉक्सी (ब्राउझरला मधल्या दुसऱ्या संगणकामार्फत पाठवणारी सेटिंग) हे सगळं निर्दोष आहे आणि दोष कार्डाच्या बाजूला आहे. टेदरिंगवरही उघडत नसेल तर कार्ड कितीही बदला, उपयोग नाही. एवढ्या एका चाचणीत अर्धं काम होतं.

आता पहिलं ठिकाण: संगणकाला कार्ड दिसतंच नाही.

बहुतेक कार्डं लावल्याबरोबर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून पुढे येतात. त्यांच्या पोटात सॉफ्टवेअर भरलेली एक खोटी सीडी असते. ड्रायव्हर बसला की तोच कार्डाला आज्ञा देतो आणि मग सीडी मोडेम होते. ‘माय कॉम्प्युटरमध्ये सीडी दिसते पण सॉफ्टवेअर म्हणतं डिव्हाइस नाही’ अशी तक्रार असते तेव्हा ही बदली झालेली नसते. लिनक्सवर हेच काम यूएसबी मोडस्विच नावाचा प्रोग्राम करतो. उबंटूमध्ये कार्ड नुसतं ड्राइव्ह म्हणून दिसलं तर तो बसवलेला आहे का ते पाहा.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘मोडेम्स’ किंवा ‘नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स’ यांच्याखाली कार्डाचं नाव हवं. पिवळं चिन्ह असेल तर त्यावर दोनदा क्लिक करून कोड वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण कार्ड सुरू होत नाही. कोड ४३ म्हणजे कार्डानेच गडबड कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं. तिथे आधी पोर्ट बदला आणि दुसऱ्या संगणकावर बघा, कारण कार्ड खरंच गेलेलं असू शकतं.

एकाच संगणकावर एअरटेल, आयडिया, व्होडाफोन अशी दोन-तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर्स बसलेली असली की त्यांचे ड्रायव्हर एकमेकांच्या पायात येतात. सगळी काढा, संगणक बंद करून चालू करा, आणि हव्या त्या एकाचंच बसवा. डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘शो हिडन डिव्हाइसेस’ केलं की जुन्या मोडेमची फिकट नावं दिसतील, तीही काढून टाका. सॉफ्टवेअर शेवटून दुसऱ्या पायरीवर असं मी म्हटलं त्याला हा एक अपवाद.

मोडेम दिसतोय, पण बोलतोय का? कंट्रोल पॅनेलमध्ये ‘फोन अँड मोडेम’ उघडा, मोडेम्सच्या टॅबवर कार्ड निवडा, प्रॉपर्टीज, डायग्नोस्टिक्स आणि ‘क्वेरी मोडेम’. खाली कंपनी आणि मॉडेलच्या ओळी उमटल्या तर संगणक ते कार्ड हा रस्ता मोकळा आहे. त्याआधी कार्डाचं सॉफ्टवेअर बंद करा, नाहीतर पोर्ट त्याच्या ताब्यात असल्यामुळे चूक येईल.

यूएसबीच्या विजेकडे सहसा कोणी बघत नाही, आणि सेवा केंद्रांत तोच दोष वारंवार निघतो. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो. कार्ड स्वस्थ असताना कमी खातं, पण टॉवर लांब असला की जोर लावून बोलताना तेवढ्याच्या काठावर जातं. तुमच्याकडे त्याच स्वस्त हबवर अंगठ्याचं मशीन, वेबकॅम आणि प्रिंटर असतील तर कार्डाला पुरेशी वीज मिळत नाही. याची खूण ठळक आहे: कार्ड लावलं की सगळं नीट दिसतं, ‘कनेक्ट’ दाबलं की दोन-तीन सेकंदांत दिवा विझतो, विंडोजचा डिव्हाइस निघाल्याचा आवाज येतो, आणि लगेच परत लागल्याचा. असं झालं तर नेटवर्कचा विचारही करू नका. कार्ड डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावा. पुढचे पोर्ट आतल्या बारीक वायरीवरून येतात. एक्स्टेंशन केबल वापरायची तर जाड आणि दीड-दोन मीटरच्या आतली. फुटपाथवरची पाच मीटरची बारीक केबल वाटेतच व्होल्टेज खाते.

निळ्या यूएसबी ३ पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास लहरींचा गोंगाट निघतो. फोरजीचा बँड ४० (बँड म्हणजे लहरींचा ठरलेला पट्टा) त्याला अगदी खेटून आहे. कार्ड निळ्या पोर्टमध्ये संथ वाटलं तर काळ्या पोर्टला लावून बघा, फुकटचा उपाय आहे.

दुसरं ठिकाण, सिम आणि टॉवर. इथे भाराभर सांगण्यासारखं नाही. सिम मोबाईलमध्ये घालून नेट चालतं का ते तुम्ही पाहिलंच आहे. सिमला पिन लॉक असेल तर मोबाईलमध्येच काढून टाका. नॅनो सिम जुन्या कार्डाच्या मोठ्या खाचेत प्लॅस्टिकच्या फ्रेममधून घालताना ते अर्धा मिलीमीटर सरकलं तरी ‘नो सिम’ येतं. फ्रेमच्या पाठीला चिकटपट्टीचा एक पापुद्रा लावला की बसतं. सोनेरी पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या पुसा.

कार्ड विशिष्ट कंपनीशी लॉक केलेलं असेल तर दुसऱ्या कंपनीचं सिम घातल्यावर ‘इनव्हॅलिड सिम’ येतं किंवा अनलॉक कोड मागतं. तिथे अंदाजाने आकडे टाकू नका. हुआवेच्या कार्डांना साधारण दहाच प्रयत्न असतात, ते संपले की कोडचा रस्ता कायमचा बंद.

रेंज काड्यांनी मोजू नका. काड्या किती दाखवायच्या हे सॉफ्टवेअर बनवणारा ठरवतो. जुन्या कार्डात पुट्टीसारख्या प्रोग्रामने मोडेमच्या कॉम पोर्टवर ‘एटी+सीएसक्यू’ ही आज्ञा दिली की ० ते ३१ मधला आकडा मिळतो. त्याची दुप्पट करून त्यातून ११३ वजा केले की डीबीएम, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचं माप, येतं: १० आला तर उणे ९३. ९९ आला तर कार्डाला सिग्नल मोजताच आला नाही. ‘एटी+सीआरईजी?’ विचारलं की ०,१ म्हणजे आपल्या नेटवर्कवर नोंद झाली, ०,५ म्हणजे रोमिंगवर, ०,२ म्हणजे शोधतंय आणि ०,३ म्हणजे नेटवर्कने नाकारलं. या नाकारण्याचं कारण सहसा बंद पडलेलं सिम असतं. (या आज्ञा आणि पुढची एपीएनची नावं टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि आकडे वापरा.)

फोरजी कार्डात हेच आकडे त्याच्या पानावर मिळतात. आरएसआरपी, म्हणजे सिग्नलची ताकद, उणे ८० च्या वर म्हणजे उत्तम, उणे १०० पर्यंत चालतं, उणे ११० च्या खाली गेलं की जोडणी टिकत नाही. त्याच्या शेजारचा एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या मानाने सिग्नल किती, हा जास्त बोलका असतो: तेरा-चौदाच्या वर चांगला, शून्याच्या खाली गेला की काड्या पूर्ण असूनही नेट रडतं. पत्र्याचं छप्पर, लोखंडी कपाट आणि सीपीयूचा पत्रा या तिन्हींपासून कार्ड दूर न्या. एक्स्टेंशनने खिडकीच्या चौकटीपर्यंत नेलं आणि आकडा बघत बघत सहा इंच इकडे-तिकडे केलं तरी दहा डीबीचा फरक पडतो, आणि दहा डीबी म्हणजे दहापट ताकद.

तिसरं ठिकाण एपीएन. सिम बदललं पण सॉफ्टवेअरमधली प्रोफाइल जुन्या कंपनीचीच राहिली, हे फार नेहमीचं. एअरटेलसाठी एअरटेलजीपीआरएस.कॉम, बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट, जिओसाठी जिओनेट, व्हीआयसाठी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू एवढीच तीन अक्षरं. युजरनेम आणि पासवर्ड रिकामे. डायल नंबर *९९#. जिओच्या बाबतीत एपीएनचा प्रकार आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही असा ठेवा, कारण त्यांचं जाळं बरंचसं आयपीव्ही६ वर चालतं.

कंपनीचं सॉफ्टवेअर नको असेल आणि विंडोजचंच डायल-अप वापरायचं असेल तर एपीएन कुठे लिहायचं हे लोकांना सापडत नाही. मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबवर ‘एक्स्ट्रा इनिशियलायझेशन कमांड्स’ अशी चौकट आहे. तिथे एटी+सीजीडीसीओएनटी=१,"आयपी","बीएसएनएलनेट" असं, आपल्या कंपनीचं एपीएन घालून लिहायचं. मग *९९# डायल करणारं साधं कनेक्शन बनवा. कंपनीच्या जड सॉफ्टवेअरपेक्षा मला हा रस्ता जास्त आवडतो, संगणकावर भार पडत नाही आणि काही अडलं तर एररचा क्रमांक उघडपणे दिसतो.

त्या क्रमांकांचंही सांगतो. ६१९ आणि ६२८ म्हणजे कार्डाने हाक मारली पण पलीकडून जोडणी तोडली. आधी एपीएन बघा, मग रिचार्ज, मग रेंज. ६३३ म्हणजे मोडेम दुसऱ्या प्रोग्रामच्या ताब्यात आहे. कार्ड काढा, अर्धा मिनिट थांबा, लावा. ६९२ म्हणजे कार्डच अडकून बसलंय, तोच इलाज. ७९७ म्हणजे मोडेम सापडतच नाही, म्हणजे पुन्हा पहिल्या ठिकाणी या. ७२० आला तर विंडोजचा टीसीपी-आयपी बिघडलाय. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेटएसएच आयएनटी आयपी रिसेट’ आणि ‘नेटएसएच विनसॉक रिसेट’ द्या आणि संगणक नव्याने सुरू करा.

आतापर्यंतचं एका दमात: कार्ड दिसत नसेल तर पोर्ट, वीज, ड्रायव्हर. दिसतं पण नेटवर्क नाही तर सिम, लॉक, बँड. नेटवर्क आहे पण ‘कनेक्ट’ होत नाही तर एपीएन आणि रिचार्ज. आणि ‘कनेक्टेड’ असूनही पान नाही तर पुढचं, म्हणजे चौथं ठिकाण.

सॉफ्टवेअरमध्ये पाठवलेल्या आणि आलेल्या बाइट्सचे दोन आकडे असतात, ते बघत राहा. पाठवलेला चढतोय आणि आलेला काही किलोबाइटवर थिजलाय तर बाहेरून काही येतच नाही. दोन्ही शून्याजवळ असतील तर संगणक कार्डाकडे काही पाठवतच नाही, तो दुसऱ्याच वाटेने जातोय.

ही दुसरी वाट म्हणजे बहुधा लॅन. केंद्रात दोन संगणक आणि प्रिंटर यांच्यासाठी केबल ओढलेली असते आणि लॅन कार्डाला कोणीतरी हाताने आयपी देताना ‘डिफॉल्ट गेटवे’ही भरलेला असतो. विंडोजला दोन दारं दिसतात आणि तो कधीकधी लॅनच्या दाराने बाहेर पडायला जातो, जिथे नेट नाहीच. तपासायला लॅनची केबल काढा. केबल काढताच साइट उघडली तर लॅनच्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये गेटवेची चौकट रिकामी ठेवा. प्रिंटर त्याशिवाय चालतो.

मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग ८.८.८.८’ द्या. उत्तर आलं तर नेट पोचतंय. आता आकड्याच्या जागी एखाद्या साइटचं नाव देऊन पिंग करा. आकडा चालतो आणि नाव सापडत नाही तर डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा घोळ. कनेक्शनच्या आयपीव्ही४ मध्ये ८.८.८.८ आणि १.१.१.१ हाताने भरा आणि ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ द्या. दोन्ही चालतात पण ब्राउझरच उघडत नाही तर सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी चालू राहिलाय का बघा. मग घड्याळ. संगणक रोज सकाळी जुनी तारीख दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. चुकीच्या तारखेने सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र चुकीचं ठरतं, आणि सरकारी साइट व बँका सगळ्यात आधी अडतात.

एक चकवा राहिला. गुगल झकास उघडतं, पिंग उत्तम येतो, पण एखादी ठराविक साइट अर्धी येऊन लटकते. तिथे एमटीयूचा संशय घ्या, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या एका पाकिटाचा (पॅकेटचा) मोठ्यात मोठा आकार. ‘पिंग -एफ -एल १४७२ ८.८.८.८’ देऊन बघा. पाकीट तोडावं लागेल असा संदेश आला किंवा उत्तरच आलं नाही तर आकडा १४२०, १४००, १३७२ असा उतरवत न्या. जिथे पहिल्यांदा उत्तर येतं त्यात २८ मिळवले की तुमचा एमटीयू. १३७२ ला उत्तर आलं तर १४००. तो ‘नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही४ सेट सबइंटरफेस’, पुढे कनेक्शनचं नाव, ‘एमटीयू=१४०० स्टोअर=पर्सिस्टंट’ असा पक्का करता येतो. हे क्वचित लागतं.

आता फोरजी कार्डांबद्दल, कारण तुम्हाला शेवटी तेच घ्यावं लागेल. यातली बरीच कार्डं मोडेम म्हणून दिसतच नाहीत. ती स्वतः छोटा राउटर असतात आणि संगणकाला नेटवर्क कार्ड म्हणून दिसतात. ‘कनेक्ट’ बटण शोधू नका. ब्राउझरमध्ये त्यांचा पत्ता टाकला की पान उघडतं. हुआवेच्या अशा कार्डांचा पत्ता १९२.१६८.८.१, झेडटीईच्या बऱ्याच कार्डांचा १९२.१६८.०.१, जिओफायचा १९२.१६८.१.१. घरच्या वायफाय राउटरचा पत्ताही १९२.१६८.१.१ असेल आणि दोन्ही एकाच वेळी जोडलेली असतील तर गोंधळ होणारच. एकाचा पत्ता बदला.

विकत घेताना ‘फोरजी आहे ना’ एवढं विचारून भागत नाही, बँड विचारा. जिओ बँड ३, ५ आणि ४० वापरतं. बीएसएनएलच्या फोरजीसाठी ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ महत्त्वाचा, आणि परदेशातून आलेल्या किंवा जुन्या अनेक कार्डांत तो नसतो. बँड खोक्यावर बहुधा छापलेले नसतात, कार्डाच्या झाकणाखालचा मॉडेल क्रमांक घेऊन शोधावे लागतात. कार्ड अनलॉक्ड हवं, आणि डोंगराआड गाव असेल तर बाहेरच्या अँटेनासाठी कडेला छोटी खाच असलेलं.

जोडणी होते पण पाच-दहा मिनिटांनी आपोआप तुटते, असं पुढे झालं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करण्याची टिक काढा, आणि पॉवर ऑप्शन्समधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ही बंद करा. सकाळी वेग छान आणि दुपारनंतर मेलेला असेल तर रोजचा डेटा संपलेला असतो; बहुतेक प्लॅनमध्ये त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे तुमच्या आताच्या टूजीसारखाच. विंडोजचे अपडेट हा डेटा गुपचूप खातात. कनेक्शनला ‘मीटर्ड’ करून ठेवा.

आणि हो, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग बाहेरून मोबाईलवर बघायला आयपी टाकून लावलेली जुनी पद्धत डेटा कार्डावर सहसा चालत नाही. कंपनी एकाच आयपीखाली अनेक ग्राहक ठेवते, बाहेरून थेट तुमच्या कार्डापर्यंत कोणी पोचत नाही. त्यासाठी कॅमेऱ्याच्या कंपनीची क्लाउड सेवा घ्यावी लागते.

नवं कार्ड येईपर्यंत केंद्र यूएसबी टेदरिंगवर चालवा. जुना फोरजी फोन पडून असेल तर सिम त्यातच घाला, कार्डाचा खर्चही वाचेल. फक्त तो दिवसभर चार्जिंगवर तापतो, म्हणून खिडकीजवळ पण उन्हाबाहेर ठेवा आणि बॅटरी फुगतेय का यावर लक्ष असू द्या.

हे सगळं करूनही अडलं तर एवढं कळवा: स्थिर दिव्याचा रंग, कार्डाच्या झाकणाखालचा मॉडेल क्रमांक (आयएमईआय नको), ‘डब्ल्यूसीडीएमए ओन्ली’ केल्यावर काय झालं, टेदरिंगवर सातबारा उघडला की नाही, आणि ‘पिंग ८.८.८.८’ चं उत्तर जसंच्या तसं.